माझ्या नावाचे सहा सेल

मधूनाना दर अमावस्येला माणसांची नावं घेऊन बसायचे. नरडाण्यात नवा आलो तेव्हा मला हे असंच सांगण्यात आलं, तेही आवाज खाली करून. एका कारखान्यातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेला हा माणूस करणी करतो की काय, अशी काहींना शंका होती. मी जळगावचा, त्यातून शाळामास्तर. असल्या गोष्टींवर हसणं मला भागच होतं. पण माझा लॅपटॉप बंद पडला आणि त्यांच्याकडेच जावं लागलं, नेमकं अमावस्येच्या दिवशी. दाराशी नुकताच नारळ फुटला होता, आणि नाना ओसरीवर बोटाएवढे शंभरेक सेल मांडून एकेकाचं नाव पुटपुटत होते. "तलाठीभाऊ... दिनू टेलर... पोस्टाना बाबुराव..." त्यातले दोघे वारलेले होते. मी हसलो नाही.

गंमत साधी होती. लोकांच्या मेलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या ते फोडत, आतले सेल वेगळे काढत आणि प्रत्येकावर पांढरी पट्टी चिकटवून मालकाचं नाव लिहीत. मग सेल चार्ज करून महिनाभर नुसता पडू देत आणि पुढच्या अमावस्येला त्यात किती चार्ज उरला ते मोजत. अमावस्याच का, तर त्या दिवशी त्यांच्या पत्नी सिंधूअक्का नारळ फोडायच्या, म्हणून विसर पडत नसे. जो टिकला तो पत्र्याच्या एका मोठ्या डब्यात खाचेत बसायचा, दर अमावस्येला पुन्हा मोजला जायचा, आणि वीज गेली की नानांचं घर त्या डब्यावर चालायचं. डब्याला जुन्या कंप्युटरचा पंखा लावलेला होता. दिवे गेले की तो घर्र करून फिरू लागे.

माझी बॅटरी हातात तोलून ते म्हणाले, "मरेल नही शे मास्तर, दमेल शे." त्यांच्या बोलीत 'मरेल' म्हणजे मेलेली, 'दमेल' म्हणजे दमलेली.

"मग आत्ताच मोजा ना."

"आते नका मोजू. महिनाभर पडू द्या, मंग देखू. आनि तुम्ही तर मोजूच नका. मालक आपला सेल कधीच खरा मोजत नही."

लॅपटॉपला दुसरी बॅटरी आली, जुनीतले सहा सेल नानांच्या डब्यात गेले आणि मी त्यांच्या ओसरीवर रोजचा झालो. त्यांच्याकडे सगळ्या जगासाठी हा एकच काटा होता. नवा कंप्युटर घेऊ का, असं विचारलं की म्हणायचे, "नवा ल्या असं दुकान सांगस, कंप्युटर नही सांगत." माझ्या घटक चाचण्यांवर त्यांचा राग होता. शिकवलं की लगेच मोजता, महिन्यानं मोजा म्हणजे कळेल, असं तोंडावर सुनवायचे. एकदा म्हणाले, "कोनी चार्जिंगले लावं नही तरी टिकनं, तव्हय पोरगं मोठं व्हयनं समजा." ते मी शाळेच्या फळ्यावर लिहिलं होतं, थोडं शुद्ध करून.

पुढाऱ्यांना, अगदी सगळ्यांनाच, हाच न्याय. "सभामा बठ्ठाच फुल चार्ज ऱ्हातस. महिनाभरथीन देखा."

यावरूनच बिनसलं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एका तरुण उमेदवारानं शाळेला कंप्युटरची खोली द्यायचं कबूल केलं आणि मी, मास्तर असून, त्याच्या मागे गावभर हिंडलो. चहाच्या टपरीवर चारचौघांत नाना म्हणाले, "मास्तर, महिनाभर थांबा ना." मी तापलेलो होतो. म्हणालो, "भंगारवाल्यानं भंगारच मोजावं." लोक हसले. नाना हसले नाहीत. कप ठेवून ते सावकाश निघून गेले.

उमेदवार निवडून आला. कंप्युटर आले आणि खोक्यांतच राहिले, कारण खोलीत वीजच घेतलेली नव्हती. माझी चूक मला महिनाभरातच कळली होती. तो शब्द परत घ्यायला मला दहा पावलंही जावं लागलं नसतं, नानांचं घर शाळेच्या वाटेवरच. मी वाट बदलली. एका अमावस्येला त्यांचा फोन आला, मी तो वाजू दिला. पुढच्या आठवड्यात जाऊ, दिवाळी झाली की जाऊ, असं करत दीड वर्ष गेलं. नाना एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर अक्कांनी निरोप पाठवला. जुन्या वाटेनं गेलो.

"भाऊ, हाऊ डबा आते कोन उघाडी?" त्या म्हणाल्या. "माले भ्याव वाटस."

मी झाकण काढायला बसलो, तेवढ्यात दिवेलागणीची वीज गेली. डब्यातला पंखा घर्र करून फिरू लागला आणि घरात उजेड आला. अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "त्या उनात," त्या हळूच म्हणाल्या. म्हणजे नाना आले. हातातला स्क्रूड्रायव्हर मी खाली ठेवला, मग पुन्हा उचलला.

झाकण उघडलं. ओळीनं नावं होती, नानांच्या टोकदार अक्षरात. अगदी मधे, पंख्याचा गार वारा लागेल अशा जागी, सहा सेल होते. सहांवर एकच नाव, 'मास्तर'. नावाखाली दर अमावस्येची एक बारीक रेघ. पट्टी भरली म्हणून तिच्याखाली दुसरी जोडली होती. मी रेघा मोजल्या. आम्ही बोलत नव्हतो त्यातला एकही महिना सुटला नव्हता. शेवटच्या रेघेशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'टिकेल शे.'

मी अक्कांसमोर रडलो.

आता दर अमावस्येला मी जातो. अक्का नारळ फोडतात, मी ओसरीवर सेल मांडतो, नाव घेतो, मोजतो, रेघ ओढतो. माझ्याबद्दलही गावात आवाज खाली करून बोलू लागले असतील. डब्यात 'मधुकर' नावाचेही, नानांचे स्वतःचे, चार सेल आहेत, ते मी दोनदा मोजतो. फक्त मधले सहा तेवढे नुसते पुसून परत खाचेत बसवतो. मालकानं मोजायचे नसतात, आणि ज्यानं मोजायचे तो नाही. त्यांच्यावरची शेवटची रेघ अजून नानांचीच आहे.