पाणी मारलेली पऱ्हाटी

दौलताबाद मागं पडलं, घाट चढून वर आलो, तरी मोतीराम मशीनवरच बोलत होता. श्रावणातला शनिवार, भद्रा मारुतीला पायी जायचं म्हणून उस्मानपुऱ्यातून पहाटेच निघालो होतो. ओठांवर मारुतीचं नाव होतं, पण माझं मन थाऱ्यावर नव्हतं.

मोतीराम माझ्या माहेरचा, देवगाव रंगारीचा. वाळूजला कंपनीत फिटर. कापूस निघाला की गावात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उरलेली वाळकी झाडं, पेटवतात, आठ-आठ दिवस धूर. त्या धुरानं त्याच्या आईला दमा जडला, तेव्हापासून त्यानं हे डोक्यात घेतलं. भंगारातली मोटार, जुना गिअरबॉक्स आणून सहा वर्षांत मशीन उभं केलं. पऱ्हाटीचा भुगा दाबून त्याचे ठोकळे निघतात, ते बॉयलरमध्ये कोळशाऐवजी जळतात. लोक म्हणायचे, "मोत्या, कचरा विकून बंगला बांधतो का?"

"बंगला ऱ्हाऊ द्या, आधी एक गिऱ्हाईक तर मिळू द्या," तो हसायचा.

गिऱ्हाईक मिळालं. एका कारखान्याच्या साहेबांनी चाचणीला एक ट्रक माल मागवला. पास झाला तर वर्षभराचं काम. पऱ्हाटी गोळा करायचं त्यानं माझ्यावर सोपवलं, कारण गावातला बचत गट मीच उभा केलेला.

बायांना किलोवर भाव होता. वजन जास्त भरावं म्हणून त्यांनी मोजण्याआधी मोळ्यांवर पाणी मारलं, कापसावर मारतात तसं. मी समोर उभी होते. मी म्हणाले काय, तर "जरा बेतानं मारा." ओली पऱ्हाटी चालत नाही, ठोकळे फुटतात, हे मोतीरामनं मला दोनदा बजावलं होतं. ट्रॅक्टर मशीनपाशी पोचेपर्यंत मोळ्या वरून वाळल्या, आत ओल तशीच. त्यानं तपासल्याही नाहीत. ताईंनी बघितल्यात ना, म्हणाला.

ठोकळे कारखान्यात उतरवतानाच फुटले. साहेबांनी ट्रक परत पाठवला. तेव्हापासून चार महिने तो मशीनच खोलतोय. साचा तीनदा बदलला.

"ताई, दाब कमी पडत असंल," तो म्हणाला. "नायतर मलाच अक्कल कमी."

माझं पाऊल पुढं पडेना. या तोंडानं देवापुढं उभी कशी राहणार? रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि सगळं सांगून टाकलं.

तो माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "म्हंजी मशीन बरोबर हाय?"

"बरोबरच आहे रे."

त्याचा चेहरा असा उजळला की मला जास्तच लाज वाटली. तो चिडला असता तर बरं झालं असतं. मी मान खाली घातली. तो शेजारी टेकला.

"चार महिने, ताई," एवढंच हळू बोलला. मग म्हणाला, "सोमवारी माझ्यासंगं कारखान्यात चला. मी सांगितलं तर साहेब म्हणतील, बहाणे करतोय. तुम्ही सांगा. बायांची नावं नका घेऊ. पण पाणी मारताना तुम्ही तिथं उभ्या व्हत्या, हे बी सांगा."