प्रोग्रॅम आत, हेमा बाहेर

हेमा वारल्याचं मला बोईसर स्टेशनबाहेरच्या टेलिफोन बूथवाल्यानं सांगितलं. तिचा कॉम्प्युटर क्लास त्याच्या बूथच्या बरोबर वर. तिची चौकशी करायला मी रिक्षातून उतरून जिन्याकडे वळले, तर तो काचेमागून बाहेर आला. "मॅडम, वर कोनी नाय. तुमची मैत्रीण सकाळी वारली. पालघरच्या हॉस्पिटलातनं फोन आलावता." मी त्या बिचाऱ्याच्या अंगावर ओरडले. काय वाटेल ते बोलतोस, कावीळ झालीय तिला, कावीळ काय कोणाला होत नाही? रिक्षावाला सुट्टे पैसे हातात धरून बघत होता. चाळिशीही गाठली नव्हती हो तिनं...

त्याला आता महिना उलटून गेला. भेटेल तो सांगतो, सुमन, आता शांत हो. का म्हणून शांत होऊ? दुःखाचं मी बघून घेईन, ते माझं आहे. पण शोकसभेत आमचे जुने साहेब बोलायला उभे राहिले आणि गळा दाटून आल्यासारखं करत म्हणाले, "फार हुशार मुलगी. सी भाषा शिकताना शून्याची एक छोटीशी चूक झाली तिच्या हातून, पण आम्ही ती पोटात घातली." समोर हेमाचे म्हातारे वडील बसले होते. त्यांनी हात जोडले. हात जोडले त्यांनी, त्या माणसाला! मी उठून बाहेर आले, कारण थांबले असते तर चप्पल हातात घेतली असती. ती चूक हेमाची नव्हती. ती कोणाची होती हे त्या माणसाला पक्कं ठाऊक आहे, आणि आता मी ते इथे सगळ्यांना सांगणार आहे.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही दोघी कामाला होतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, तेवढी त्याची लायकी नाही. एअरकंडिशन असलेली एकच खोली, ती कॉम्प्युटरची, म्हणून उन्हाळ्यात सगळे अधिकारी काही ना काही निमित्त काढून आमच्याकडे बसायला यायचे. कॉम्प्युटरचा थंडावा सोडून बाकी कशात त्यांना रस नव्हता. मी सरावलीची, कंपनीच्या बसनं येणारी. हेमा समुद्राकडच्या गावातली, वडिलांची चिकूची वाडी आणि थोडी भातशेती. एसटी, मग कंपनीची बस, असं करत यायची आणि तरी माझ्या आधी खुर्चीत. आम्ही कामगारांच्या पगाराचे प्रोग्रॅम चालवायचो. कामावर घेताना दोघींनाही टायपिस्ट म्हणूनच घेतलं होतं. पुढे आम्ही प्रोग्रॅम लिहायला लागलो, पण हुद्दा टायपिस्टचाच राहिला.

मग एकदा ठरलं की रंगाच्या मोठ्या टाकीत किती पोती टाकली याची मोजणी कॉम्प्युटरनं करायची. टाकीपाशी एक बटण. पोतं ओतलं की कामगारानं बटण दाबायचं, ठरलेली पोती झाली की लाल दिवा लागणार, की थांबायचं. आमच्या पगाराच्या भाषेला थेट बटणाशी बोलता येत नव्हतं. त्यासाठी सी भाषा हवी. साहेबांनी मुंबईहून एका जाडजूड पुस्तकाच्या झेरॉक्स आणल्या, टेबलावर आपटल्या आणि म्हणाले, "शिका." स्वतः त्यांनी पहिलं प्रकरण वाचलं, तेही अर्धं. त्यात त्यांना एवढंच कळलं की या भाषेत मोजणी शून्यापासून सुरू होते. त्या अर्ध्या प्रकरणावर त्यांनी पुढे काय दिवे लावले ते सांगतेच.

नवी भाषा शिकणाऱ्या सगळ्यांनाच जे प्रश्न पडतात ते मलाही पडले. "ही काय थेरं? शून्यापासून कोण मोजतं?" मी वैतागून विचारलं. हेमा म्हणाली, "हे मोजणं नाहीच गं. वाडीच्या फाटकाला लागून पहिलं झाड असतं ना, तिथे पोचायला किती झाडं ओलांडायची? एकही नाही. दुसऱ्यासाठी एक. ही भाषा फक्त किती ओलांडलं ते सांगते." पॉइंटर नावाच्या प्रकरणानं तर मला रडवलं. वस्तू एकीकडे, तिचा पत्ता दुसरीकडे, आणि पत्त्याचाही पत्ता! त्यावर ती म्हणाली, "तुमच्या सरावलीच्या चाळीत भाडेकरू सारखे बदलतात की नाही? खोली नंबर तोच, माणूस दुसरा. जुन्या नंबरावर विसंबून आत घुसलीस तर कोण भेटेल त्याचा नेम नाही. आधी बघायचं, खोलीत कोण आहे." आणि कामापुरती मागून घेतलेली मेमरीची जागा परत कोण करणार? "जिनं घेतली तिनं. इथे मागून आवरायला आई येत नाही."

एका गोष्टीवरून मात्र आमचं कधीच जमलं नाही. पगाराच्या भाषेत जरा चुकलं की मशीन बोंब मारायचं. ही सी गप्प. कपाटाला दहा खण आणि तुम्ही अकराव्यात हात घातलात, तरी ती अडवत नाही. शेजारच्या कपाटातलं काहीतरी काढून हातात ठेवते आणि प्रोग्रॅम आज चालतो, उद्या कोसळतो. मला या भाषेचा रागच यायचा. अडवत का नाही मेली? हेमाला नेमकं तेच आवडायचं. "सुमे, जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला जाऊ नको म्हणत नाहीये. चुकले तर माझी मी चुकेन की!" असं म्हणून ती हसायची. समोरचे दोन दात किंचित पुढे होते तिचे, हसताना ती हात तोंडावर न्यायची. सी लिहिताना मात्र हात कीबोर्डवर असायचे, त्यामुळे ते हसू मोकळंच राहायचं.

प्रोग्रॅम झाला. टेबलावर बटण जोडून आम्ही तो हवा तसा बडवून पाहिला. वीस पोत्यांना सांगितलं की विसाव्या दाबाला दिवा, तिसाला सांगितलं की तिसाव्याला. हेमा साहेबांकडे गेली. "आता टाकीपाशी लावताना मला तिथे उभं राहायचंय. एक तासभर. माणसं कशी काम करतात ते बघायला हवं." साहेब म्हणाले, "बाईमाणसाचं प्लांटमध्ये काय काम? पदर कशात अडकला तर जबाबदार कोण? प्रोग्रॅम पाठव, माणसं लावतील." ती दुसऱ्या दिवशी पंजाबी ड्रेस घालून गेली. पदराचा प्रश्न मिटला होता. तरी नाही. तिसऱ्या वेळेला त्यांनी वर मान करूनसुद्धा पाहिलं नाही. त्या प्लांटमध्ये रोज झाडूवाल्या बायका जायच्या, चहाच्या किटल्या घेऊन कँटीनच्या बायका जायच्या. त्यांचे पदर कशात अडकत नसत? जिनं तो प्रोग्रॅम लिहिला तिचाच तेवढा अडकणार होता! एवढंच तर मागत होती ती. आत जायचं आणि बघायचं.

पुढे व्हायचं तेच झालं. रंग गडद निघायला लागला, माल परत आला. तपासलं तर प्रत्येक घाण्यात एक पोतं जास्त पडत होतं. एक! साहेबांना आपलं अर्धं प्रकरण आठवलं. सगळ्यांसमोर त्यांनी हेमाला उभं केलं. "शून्यापासून मोजलंस ना? तरी मी सांगत होतो, बायकांना झेपणारी भाषा नाही ही." हेमाला प्रोग्रॅमर म्हणून नेमायचं पत्र तयार होतं, फक्त सही राहिली होती. ते राहिलंच. तिला डिस्पॅचला बसवलं, पाकिटांवर पत्ते टाइप करायला. आणि ही बाई पाकिटं बाजूला सारून आपलाच प्रोग्रॅम ओळ न् ओळ उलटापालटा करून पाहत बसायची. जेवायची नाही धड. "असेल गं माझंच काहीतरी. सीमध्ये होतं असं एकाचं मागेपुढे, सगळ्यांचं होतं." मी तिच्याशी कडाकडा भांडायचे. नसलेली चूक शोधून सापडणार कुठून?

शेवटी एका दुपारी ती उठली, कँटीनच्या बायकांकडून चहाची किटली मागून घेतली आणि सरळ प्लांटमध्ये गेली. कोणी हटकलं नाही. टाकीवर काळूदादा होता, मासवणकडचा, पावसाळ्यात शेती आणि एरवी कारखाना करणारा. हेमा कपात चहा ओतत बघत राहिली. काळूदादानं पहिलं पोतं खांद्यावरून उतरवलं, कपाळाला हात लावला, "लाभ" म्हणाला आणि ओतलं. बटण दाबलं नाही. दुसरं ओतलं, "दोन", आणि दाबलं. तीन, दाबलं. आमच्याकडे खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ हा काही आकडा नव्हे, तो देवाचा. बटण आकड्यासाठी, मग लाभाला कशाला दाबायचं? आणि थांबायला तर त्याला लाल दिवा लागल्यावरच सांगितलेलं, म्हणून दर वेळी एक पोतं जास्त. हेमाचे वडील तसंच मापायचे, ती लहानपणापासून सूप धरून शेजारी बसायची. तिला समजायला एक पोतं पुरलं. जे समजायला तिला क्षण लागला, त्यासाठी तिला महिनोन्महिने गुन्हेगार करून ठेवलं होतं.

ती धावत माझ्याकडे आली, हातात रिकामी किटली तशीच. "सुमे, लाभ गं, लाभ!" एवढंच बोलत होती आणि हसता हसता रडत होती. आम्ही दोघी साहेबांकडे गेलो. तिनं सगळं नीट सांगितलं, उपायही सांगितला, की टाकीचं झाकण उघडताच प्रोग्रॅमनं लाभाचा एक आपोआप धरायचा, माणसांची सवय मोडायला जायचं नाही. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू आत गेलीसच कशी?" दुसऱ्या दिवशी विनापरवानगी प्लांटमध्ये शिरल्याबद्दल तिला मेमो मिळाला. आणि तिनं सांगितलेला उपाय साहेबांनी दुसऱ्याकडून करून घेतला आणि वर कळवलं, शून्याची चूक मी दुरुस्त केली! याला काय म्हणायचं? चोर तो चोर, वर शिरजोर. हेमानं राजीनामा लिहिला. मी म्हटलं, भांड, युनियनकडे जा, मी येते. ती म्हणाली, "जाऊ दे गं. मला ठाऊक आहे ना माझं बरोबर होतं ते." नाही हेमा, तेवढ्यानं भागत नाही. बघितलंस ना, तू गेल्यावरही तो तेच बोलला. या एका गोष्टीसाठी मी तुझ्यावरही चिडलेली आहे, आणि आता ते ऐकायला तू नाहीस...

नोकरी सोडून तिनं बोईसरला क्लास काढला. आजूबाजूच्या कारखान्यांत कामाला लागलेली, लागू पाहणारी मुलंमुली यायची. प्रश्न तेच, दर वर्षी तेच, आणि ती दर वर्षी नव्यानं रंगून उत्तरं द्यायची. फक्त एका बाबतीत कडक. कोणी म्हणालं, मॅडम, अमुक कामाचा प्रोग्रॅम लिहून आणलाय, की पहिला सवाल, "तिथे जाऊन उभी राहिलीस का?" नाही म्हटलं की कागद बघायचीच नाही. "आधी बघून ये. दिवसभर उभी राहा. मग लिही."

ती गेल्यावर मुलं माझ्याकडे आली, म्हणून रविवारी आता मी शिकवते. गेल्या आठवड्यात वनिता नावाची मुलगी तोंड पाडून आली. वसाहतीतल्या एका कारखान्यात तिला पिंपांच्या वजनाचा प्रोग्रॅम लिहायला दिलाय. आत जाऊन बघते म्हणाली, तर तिचा अधिकारी म्हणाला, मुलींना आत सोडत नाही. माझ्या कानशिलात रक्त चढलं. चप्पल घातली, तिचा हात धरला आणि रिक्षा केली. गेटवर रखवालदार म्हणाला, "मॅडम, लेडीज लोग अंदर नहीं जाते." मी म्हटलं, "झाड़ू कौन मारता है अंदर? तू?" अधिकारी बाहेर आला. त्याला मी सांगितलं, आम्ही दोघी या गेटसमोर फतकल मारून बसतो, तुमच्या साहेबांची गाडी आमच्या अंगावरून आत न्या. माझा आवाज वाढत चालला तशी शिफ्टच्या बसमधली माणसं उतरून बघायला लागली. अर्धा तास गेला. मग त्यानं हेल्मेटं आणून दिली.

आम्ही आत जाऊन भिंतीला लागून उभ्या राहिलो. पिंपं येत होती, काट्यावर चढत होती, वजन पडत होतं, सगळं कसं शिस्तीत. वनिता हळूच म्हणाली, उगाच आलो का आपण? आणि तेवढ्यात तिनं माझं मनगट गच्च धरलं. "मॅडम, पाय बघा!" काट्यावरचा माणूस पिंप डगमगू नये म्हणून आपला डावा पाय काट्यावर टेकवून उभा होता, आणि काटा पिंपाबरोबर त्याच्या पायाचंही वजन दाखवत होता. प्रत्येक पिंपाला. वनिता टाळी वाजवायचीच बाकी होती. मला मात्र तिथे, त्या सगळ्या माणसांमध्ये, रडू कोसळलं. संतापाचं रडू. हेमाला कोणी गेट उघडून दिलं नाही हो, चहावाली होऊन शिरावं लागलं तिला आत. "मॅडम, काय झालं?" वनितानं घाबरून विचारलं. मी हेल्मेट सारखं केलं. "काही नाही," मी म्हटलं, "तू बघ. अजून बघ. कोणी हाक मारली तरी इथून हलायचं नाही."