निर्जळ उपास आणि दोन गोळ्या

हरतालिकेचा निर्जळ उपास आमची बायको माझ्या दीर्घायुष्यासाठी करते. मी खूप जगावं असं वाटणारी या जगात ती एकटीच, म्हणून मी सहसा आड येत नाही.

त्या वर्षी मुलुंडच्या घरात मखराचं काम चाललं होतं आणि तिचे गुडघे ठणकत होते. आठवडाभर ती दुखण्याची गोळी घेतच होती. उपासाच्या सकाळीही घेतली, सोबत रोजची बीपीची. मान मागे टाकून, पाण्याचा थेंब न घेता.

"पाण्याने उपास मोडतो, औषधाने नाही," ती म्हणाली.

"वा! म्हणजे गिळलं ते पोटात गेलंच नाही?"

"गप्प बसा हो. तुमच्यासाठीच चाललंय."

दुपारी शेजारणीला ती कौतुकाने सांगत होती, "अगं, सकाळपासून बाथरूमला जावंच लागलं नाही. झकास चाललाय उपास!"

संध्याकाळी पूजेला उभी राहिली आणि भिंतीला धरून खाली बसली. रिकाम्या पोटी उमासे येत होते.

तशीच तिला दवाखान्यात नेली. आमच्या डॉक्टरीणबाई पेशंटला झापण्यासाठी प्रसिद्ध. त्यांनी आधी यथेच्छ झापलं, मग दोन्ही गोळ्यांची पाकिटं पाहिली, सकाळपासून लघवी नाही हे ऐकलं आणि झापणं थांबवलं.

"किडनीत बारीक चाळण्या असतात," त्या म्हणाल्या. "रक्त एका नळीने चाळणीत येतं, दुसरीने बाहेर जातं. अंगातलं पाणी कमी झालं की किडनी येणारी नळी उघडी ठेवते, जाणारी आवळते. तेवढ्यावर चाळणीतला दाब टिकतो. दुखण्याच्या गोळीने येणारी नळी आवळली, बीपीच्या गोळीने जाणारी सैल सोडली. त्यात तुम्ही पाणीही बंद केलंत."

"मग आता?" मी विचारलं.

"आता दाबच नाही. गाळणं थांबलंय. घरी जाऊ नका, थेट ॲडमिट व्हा."

हॉस्पिटलात सुई टोचून घेताना बायकोने नर्सला विचारलं, "सलाईनने उपास मोडतो का गं?"

"मोडला, ताई. पाप माझ्या नावावर."

सलाईन आत जात राहिलं. पलंगाखाली लटकवलेल्या लघवीच्या पिशवीत काहीच उतरेना. नर्स येऊन वाकून बघायची आणि जायची. माझ्याकडे एरवी प्रत्येक प्रसंगाला किस्सा असतो. तिथे मी सलाईनचे थेंब मोजत बसलो.

दुसऱ्या दिवशी, घरोघरी गणपती बसत असताना, पिशवीच्या तळाशी काळ्या चहासारखं काहीतरी जमलं.

"सुरुवात झाली," तिथले डॉक्टर म्हणाले. "किडनी किती वाचली, ते इतक्यात सांगता येणार नाही."

बायकोने डोळे उघडले. "डॉक्टर, पुढच्या वर्षी उपास धरता येईल ना?"

डॉक्टर वाकून पिशवीवरच्या खुणा वाचू लागले.