विहीणबाई अथेन्सला भेटल्या

माझी जाऊ फ्रोसो भारी हट्टी. धाकट्या लेकाचा आजार तिनं सगळ्या गावापासून लपवला. कळला तर थोरलीचं लग्न मोडेल, ही धास्ती. दुर्मिळ आजारांच्या परिषदेला अथेन्सला गेलो, तेव्हाही गावात सांगितलं, लग्नात वाटायचे साखरबदाम आणायला चाललोय.

तिथला डॉक्टर, मेला, खुशीत म्हणाला, "अगदी हाच आजार असलेलं दुसरं घर सापडलं! आता संशोधन पुढे सरकेल. आई-बाप दोघांकडून दोष आला, तरच हा आजार होतो. धडधाकट भावंडांतही तो दोष लपलेला असू शकतो."

तेवढ्यात आपल्या लेकीची चाकाची खुर्ची ढकलत थेक्ला आत आली. फ्रोसोची होणारी विहीण.

फ्रोसो पांढरीफटक पडली. "विहीणबाई, तुम्हीही लपवलंत?"

"तुम्ही नात्यातल्या का?" डॉक्टरनं विचारलं.

थेक्लानं हातातली साखरबदामांची पिशवी टेबलावर ठेवली.

"येत्या रविवारी होणार होतो," ती म्हणाली.