शत्रुघ्नचा सहीचा हट्ट

आमचा शत्रुघ्न वसई कोर्टामागे डिटेक्टिव्ह एजन्सी चालवतो, म्हणजे बहुतेक वेळा लग्नाआधी मुलामुलींची चौकशी करतो. त्याचा एक हट्ट आहे. ज्याला भेटेल त्याची रिपोर्टवर तारखेसकट सही घ्यायचीच.

परवा एका बिल्डरने त्याला भुईगावला पाठवलं. एकट्या राहणाऱ्या रंभाबाई वारल्या, हा मृत्यूचा दाखला, आता त्यांच्या केळीच्या वाडीला कोणी वारस आहे का ते बघ, एवढंच काम.

वाडीत एक म्हातारी केळींना पाणी घालत होती.

"रंभाबाई कुठे राहायच्या?" याने विचारलं.

"मीच ती. उन्हाचा आलास, पानी पी आधी."

कुणा हरामखोर कारकुनाने पैसे खाऊन जिवंत बाईला कागदावर मारलं होतं! शत्रुघ्न असा भडकला की पाणी प्यायचंच विसरला. त्याने शेजारी गोळा केले, त्यांच्यासमोर रिपोर्टवर रंभाबाईंची सही घेतली आणि त्यांना स्कूटरवर बसवून थेट पोलीस चौकी गाठली.

तेवढ्यात बिल्डरचा फोन आला. "वारस सापडले का?"

"वारस नाही सापडले, शेठ," शत्रुघ्न म्हणाला. "मयत सापडली. चौकीत तुमची वाट बघत बसलीय."