जंत निघाले, पेढे घ्या

"डोळं दाव," असं म्हणून मामा समोरच्याच्या खालच्या पापणीला अंगठा लावायचे आणि पापणी ओढून आत बघायचे. समोर शाळकरी पोर असो नाहीतर बँकेतले साहेब, सुटका कुणाचीच नसे. आत लाल दिसलं की मगच दुधाचा पेला हातात. "लाल हाय की. जावा, काळजी न्हाय."

कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या दूधकट्ट्यावर तुम्ही कधी संध्याकाळी आला असाल, तर त्यांना पाहिलंच असेल. रस्त्याकडेला म्हशी उभ्या, गिऱ्हाईक रांगेत आणि धार थेट पेल्यात. त्यात पांढऱ्या मिशांचा, खांद्यावर टॉवेल टाकलेला जो माणूस भांडतोय असं वाटायचं, तेच मामा. ते भांडत नसत, खुशाली विचारत. आवाजच तसा होता.

माझी लॅब कट्ट्यासमोर. रक्त, लघवी, शौच तपासायची. मी त्यांचं दूध घरी नेऊन उकळूनच प्यायची आणि याचा त्यांना कायमचा राग.

"ताई, उकळून पिणं म्हंजे माझ्या म्हशीवर संशय घेणं."

"मामा, संशय घेणं हाच माझा धंदा आहे."

"मग आमच्या धंद्यात कशाला आणताय त्यो?"

एकदा ते सकाळीच कर्दळीच्या पानात काहीतरी गुंडाळून लॅबमध्ये हजर. पान उघडलं तर शेण. "ह्यात जंत हायत का बघा." मी म्हटलं, मामा, ही माणसांची लॅब आहे. "मग म्हैस काय परकी हाय व्हय?" मी त्यांना जनावरांच्या दवाखान्यात पिटाळलं. ते गेले, पान मात्र माझ्या टेबलावरच विसरले.

म्हशींच्या जंतांबाबत त्यांच्याइतका जागरूक गवळी मी पाहिला नाही. औषधाची वेळ कधी चुकायची नाही. म्हशीचं तोंड वर धरून ते बांबूच्या नळीनं औषध पाजत आणि वर तिची समजूत घालत, "कडू हाय, पर गुणाचं हाय." जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना पापणी बघायला शिकवलं होतं. आतून फिकी दिसली तर जंत रक्त पितायत असं समजायचं. तेव्हापासून रोज धारेआधी मामा प्रत्येक म्हशीची पापणी ओढून बघायचे.

त्यांची नात सानू तालमीत जायची. तिला पैलवान करायची हे मामांचं स्वप्न. बदाम, तूप, दूध, काही म्हणून कमी नव्हतं, पण पोरगी वाळक्या काटकीसारखीच. "खुराक लागंना हिला," वस्ताद म्हणायचे. मामा तूप वाढवायचे. दोन पकडी झाल्या की तिला धाप लागायची, शाळेत डोळा लागायचा. घरच्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मामा आणखी तूप वाढवायचे.

एके दिवशी मी दूध न्यायला गोठ्यातच गेले होते. मामा म्हशीची पापणी बघत होते आणि सानू दावं धरून उभी होती. तिला चेष्टा सुचली.

"आज्जा, माझं बी बघा की!"

मामा हसत वळले आणि त्यांनी तिची पापणी ओढली. हसू तिथंच थांबलं. म्हशीची पापणी आतून लालभडक आणि नातीची चुन्यासारखी पांढरी. मामांनी दुसरा डोळा बघितला, मग पुन्हा पहिला. "ताई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्ये मी आधी बघितलंय."

मला ठाऊक होतं. त्यांची धाकटी लेक अशीच पांढरी पडत गेली होती. रक्ताचा कर्करोग. पेठेत तिचं नाव त्यांच्यासमोर कुणी घेत नसे.

दुसऱ्या दिवशी पेठेतल्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन मामा सानूला लॅबमध्ये घेऊन आले. मी तिचं रक्त घेतलं, शौचाचा नमुना घेतला. मामा खुर्चीवर बसेनात. दारातच उभे राहिले, आणि ज्यांचा आवाज चौकापलीकडे जायचा ते पुटपुटल्यासारखं म्हणाले, "लपवू नगासा, ताई."

रक्त फारच कमी होतं. पण मी ज्या पेशी शोधत होते आणि सापडू नयेत असं मनात म्हणत होते, त्या नव्हत्या. मग दुसरी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पातळ कवचाची, काचेसारखी नितळ अंडी. एक, शेजारी दुसरं, वर आणखी दोन. इतकी वर्षं मी हे काम करते, पण जंतांची अंडी बघून डोळ्यांत पाणी आलं ते त्या दिवशीच.

रिपोर्ट घेऊन मीही त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तो वाचून समजावलं. अंकुशकृमी. आतड्याला चिकटून रक्त पितात. सानू दर पावसाळ्यात आजोळी, राधानगरीकडे, भातलावणीला जायची आणि दिवसभर अनवाणी चिखलात. माणसं उघड्यावर बसतात, तिथल्या ओल्या मातीत हे जंत वाढतात आणि पायाच्या कातडीतून आत शिरतात. जंतांची गोळी, रक्तवाढीच्या गोळ्या, घरातल्या सगळ्यांनाही गोळी, आणि इथून पुढे मातीत अनवाणी पाय नाही.

"म्हशीकडनं न्हाई ना आलं?" मामांनी विचारलं.

"नाही. म्हशीचे जंत वेगळे," बाई म्हणाल्या.

"आणि त्यो... दुसरा आजार?"

"नाही हो. जंत आहेत."

"नक्की जंतच?"

"नक्की."

मामा दवाखान्याच्या फरशीवर मटकन बसले आणि टॉवेलात तोंड घालून रडले. सानू बावरून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

संध्याकाळी कट्ट्यावर पेढे. "घ्या पावणं, नातीचं जंत निघालं!" लोक पेढा तोंडाजवळ नेत आणि हे ऐकून तिथंच थबकत. शेजारचे शिंपीकाका तर पेढा हातात धरून बराच वेळ विचारात पडले होते. मामांनी उभं राहून तो खायला लावला.

पण एक पेच राहिला. काळजीत असताना मामांनी जोतिबाला नवस बोलला होता की पोर वाचली तर डोंगर अनवाणी चढीन. आणि डॉक्टरीणबाईंनी अनवाणी चालणंच बंद केलेलं! ते माझ्याकडे आले.

"ताई, देवाच्या पायरीवर जंत असत्यात व्हय?"

"दगडावर नसतात मामा. ओल्या मातीत असतात."

त्यांनी तोडगा काढला. मीही सोबत गेले होते म्हणून सांगते. दगड आला की चप्पल हातात, माती आली की चप्पल पायात. अशी चप्पल काढत-घालत आम्ही डोंगर चढलो. मागून येणारे भाविक वैतागले. एकजण म्हणाला, "आजोबा, एकतर घाला, न्हाईतर काढा." मामा गरजले, "देव एक सांगतोय, डॉक्टर एक! दोघांचं बी ऐकतोय, तुला काय त्रास हाय?" पुढे सानू बूट घालून उड्या मारत चालली होती. तिला नवस नव्हता.

त्यानंतर मामांनी माणसांच्या पापण्या बघायला सुरुवात केली. एकदा मला म्हणाले, "म्हशीचं रोज बघायचो, ताई. पोरीचं एकदा बी बघितलं न्हाई." एवढंच. पण त्या दिवसापासून फिक्या डोळ्यांचं एकही पोर त्यांनी दवाखान्यात धाडल्याशिवाय सोडलं नाही. माझ्या लॅबमध्ये तशी पोरं येत. काहींचे जंत निघत, काहींचं नुसतंच रक्त कमी असे. सगळी बरी झाली.

सानूचे गाल भरले. तालमीत तिनं आपल्याहून जाड मुलीला चितपट केलं, तेव्हा मामांनी म्हशीच्या शिंगांनाही गुलाल लावला.

या दिवाळीनंतर मामा गेले. दुपारी गोठ्यात टेकले होते, तिथंच झोपेत. तेराव्यानंतर कट्टा पुन्हा सुरू झाला तशी मी माझी बरणी घेऊन गेले. म्हशीपाशी सानू उभी, पायांत बूट, खांद्यावर तोच टॉवेल. मी बरणी पुढे केली. तिनं घेतली नाही.

"डोळं दावा, ताई."

तिनं अंगठ्यानं माझी पापणी ओढली. मग मीही हात पुढे केला आणि तिची ओढली. आत लालभडक होतं. आम्ही दोघी रस्त्यात एकमेकींच्या पापण्या धरून उभ्या होतो आणि मागची रांग बघत होती.

"लाल हाय की," सानू मामांच्याच आवाजात ओरडली आणि धारेला बसली. "जावा, काळजी न्हाय."