शाळेची पाडलेली ओसरी

प्रल्हादराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारंजा गावात एका इमारतीच्या पायाजवळ उभी होते. वाशीमहून त्यांचे घरमालक बोलत होते. "मॅडम, सायबाच्या डायरीत पहिला नंबर तुमचाच दिसला... म्हणून तुमाले लावला." सकाळी दुधासाठी दार उघडलं नाही, मग लोकांनीच उघडलं. आज पाच आठवडे झाले. ज्याच्या डायरीत आपला नंबर पहिला, त्या माणसाला आपण वर्षातून एकदा, दिवाळीला फोन करत होतो, हे मला अजून नीट सोसत नाही.

मी कनिष्ठ अभियंता म्हणून वाशीमजवळच्या मालेगावला रुजू झाले, तेव्हा ते तिथे उपअभियंता होते. बाईला साईटवर कशाला पाठवता, असं ठेकेदार हसून विचारायचे. प्रल्हादराव मात्र मला म्हणायचे, "मॅडम, खालून पाहून स्लॅब समजत नसते. वर चढा." आणि मी चढेपर्यंत शिडी धरून उभे राहायचे. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण त्यांनी मला एकदाही एकेरी हाक मारली नाही.

त्यांच्याच गावात शाळा बांधायला घेतली होती. सरपंच त्यांचे थोरले भाऊ, नामदेवराव. शाळेसाठी त्यांनी किती वर्षं खेटे घातले होते ते गावालाच ठाऊक. ओसरीचा स्लॅब भिंतीबाहेर चार फूट अधांतरी यायचा होता. असा स्लॅब वरच्या अंगाच्या सळ्यांवर तोललेला असतो. त्या खाली दबल्या तर तो कधीतरी मुळापाशी तुटतो. काँक्रीट टाकायच्या दिवशी तिथे मी एकटी होते. मजुरांच्या पायांखाली सळ्या दबताना मी पाहिल्या. मी मुकादमाला म्हटलं, तर तो म्हणाला, "आता मिक्सर थांबत नसते, मॅडम." आणि मी गप्प बसले... सव्वीस वर्षांची होते, एवढीच सबब माझ्याजवळ आहे.

दुसऱ्या दिवशी मी प्रल्हादरावांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. नकाशा पुढे ओढला आणि म्हणाले, "पाडा लागते."

उद्घाटन महिन्यावर आलं होतं. नामदेवराव सगळ्या गावासमोर ओरडले, "पल्हाद, काहून इज्जत घेऊन राह्यला आमची? कुठं तडा दिसते का तुले?"

"आज नाही दिसत, दादा. पण खाली लेकरं उभी राहतीन."

ओसरी पाडली. अहवालात त्यांनी स्वतःवर घेऊन लिहिलं, "देखरेखीतली चूक माझी." माझं नाव कुठेच नव्हतं. त्यांची बढती अडकली ती अडकलीच. भावाने बोलणं टाकलं, पुतणीच्या लग्नाची पत्रिकाही आली नाही. त्यांची बायको गेल्यावर तर ते वाशीमच्या एका खोलीत अगदी एकटे राहिले. पडलेल्या इमारतीची बातमी होते. न पडलेल्या ओसरीसाठी कोण कुणाचे आभार मानतो? मी मात्र नोकरीत पुढे गेले. त्यांना म्हटलं होतं, मी गावात येऊन खरं सांगते. ते म्हणाले, "राहू द्या. तुमाले अजून पुष्कळ बांधायचं हाय." मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी लगेच ऐकलं.

तेराव्याला मी त्यांच्या गावी गेले. नामदेवराव शाळेच्या नव्या ओसरीत भिंतीला टेकून बसले होते. नजर अधू झालेली. मी शेजारी बसून सगळं सांगितलं, माझ्या गप्प राहण्यासकट. ते एवढंच म्हणाले, "बाई, हे तो जिता असतानी सांगतलं असतं तर..."



गेल्या रविवारी नामदेवरावांनीच मला वाशीमला बोलावून घेतलं. भावाची खोली रिकामी करायची होती, आणि सोबतीला दुसरं कुणी त्यांना सुचलं नव्हतं. घरमालकांनी कुलूप काढून दिलं. आम्ही दोघंही तिथे पहिल्यांदाच आलो होतो. आत कडेला खाट, तिच्यावर अजून त्यांचंच अंथरूण, भिंतीशी टेबल, ताट पालथं घातलेलं. "बसा, दादा," मी म्हटलं. "तुमी बसा," ते म्हणाले.

खोलीत खुर्ची एकच होती. आम्ही दोघंही उभेच राहिलो.